सातधारेची बोटभर पानं

बारसूरला लोक देवळं पाहायला जातात. बत्तीस खांबांचं शिवमंदिर आणि शेजारीशेजारी बसलेले ते दोन अवाढव्य दगडी गणपती. माझी बायको शालिनी त्यासाठीच आली होती. मी भांडायला गेलो होतो.

भांडण कशाचं ते आधी सांगतो. रायपूरला माझी नर्सरी आहे. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून समता कॉलनीत तुळस आणि झेंडूची रोपं विकण्यापासून सुरुवात केली. कुणी हात धरून वर आणलेलं नाही. जे आहे ते माझ्या नावावर आहे, आणि नावाला धक्का लागला की माझं डोकं तापतं, हे मी नाकारत नाही.

खारून नदीच्या काठाला एक कॉलनी आहे. दर पावसाळ्यात नदी चढते आणि कॉलनीमागच्या उताराची माती खाऊन जाते. फाल्गुनात त्या उतारावर झाडं लावायचं काम मला मिळालं. मी जांभूळ ठरवलं आणि रोपं मागवली बारसूरच्या लखमूकडून. हा माणूस जंगलात बी वेचतो आणि घरामागे रोपं तयार करतो. त्याची साल, बिजा अशा जंगली झाडांची रोपं मी पूर्वी विकली होती, तक्रार कधी आली नव्हती. जांभळाची रोपं आली तेव्हा लहान होती. लहानपणी पानं बारीकच दिसतात, म्हणून मी फार पाहिलं नाही. लावली, टँकरचं पाणी दिलं. ज्येष्ठापर्यंत ती गुडघ्याच्या वर आली, पण पानं बोटाएवढीच अरुंद राहिली.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक सगळ्यात आधी पान चिमटीत धरतं. तळहाताएवढं, तुकतुकीत पान असेल तर रोप तगडं. अरुंद पान म्हणजे रोप उपाशी, नाहीतर जातच दुसरी. मीही आयुष्यभर असंच रोप निवडत आणि विकत आलो. कॉलनीच्या बैठकीत अध्यक्षांनी ते पान सगळ्यांसमोर वर धरलं. ते वकील आहेत, शंकर नगरात त्यांचं ऑफिस आहे. म्हणाले, "भाऊ, ये जामुन है? ये तो कनेर लग रहा है." कण्हेर ऐकून पंचवीसेक माणसं हसली. मी तिथंच लखमूला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि त्याला चोर म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याची सगळी रोपं उपटली आणि त्या जागी दुसरीकडून आणलेलं रुंद पानांचं, कमरेएवढं जांभूळ लावलं. अध्यक्षांनी पाठ थोपटली. श्रावणात खारून चढली. उतरली तेव्हा उतारावर एकही रोप नव्हतं.

आता दसऱ्यानंतरच्या बैठकीत ते काम माझ्याकडे ठेवायचं की नाही हे ठरणार होतं. माझा हिशेब सरळ होता. लखमूनं पहिल्यांदाच बरोबर रोपं दिली असती तर त्यांनी फाल्गुनापासून मुळं धरली असती आणि पुरात टिकली असती. त्यामुळं दोष त्याचा. तो फोन उचलत नव्हता. मी ठरवलं की जाऊन त्याला उभं करायचं, आणि चूक त्याची होती असं त्याच्याच तोंडून कॉलनीवाल्यांसमोर वदवून घ्यायचं.

केशकालच्या पुढे

धमतरी मागे पडली तरी मी काय काय बोलणार आहे ते शालिनीला ऐकवत होतो. कांकेर आलं तसं तिनं काच खाली केली आणि म्हणाली, "एवढं मले सांगून राहिले, तं त्याच्यासाठी काही उरन का?" ती अमरावतीची. तिचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळं तिला उत्तर देणं फार अवघड असतं.

केशकालचा घाट चढताना परतीचा पाऊस लागला. घाटात मी गाडी थांबवली, कारण माझा धंदाच तो आहे. दोन्ही अंगांना साल उभा होता आणि एकाही पानावर धूळ नव्हती. आमच्याकडे सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की पानांवर काळी भुकटी बसते, माझी माणसं रोज सकाळी पाइपानं पानं धुतात. इथं ते काम पाऊसच करत होता. सालावर चढलेल्या सियाडीच्या वेलीचं पान पाहिलं. दोन पाकळ्यांसारखं फाटलेलं, एकेक पान जेवणाच्या ताटलीएवढं. मी शालिनीला म्हटलं, याला म्हणतात पान. कोंडागावला आम्ही उडदाचे वडे खाल्ले आणि रात्री गीदमच्या एका लॉजवर उतरलो. पाऊस पत्र्यावर वाजतच होता.

बारसूर

सकाळी लखमूचं घर सापडायला वेळ लागला नाही. तो घरी नव्हता. त्याच्या बायकोनं आम्हाला ओसरीवर बसवलं, पानांच्या दोन द्रोणांत नाचणीची पेज आणून दिली आणि शालिनीला विचारलं, "तुचो नाव काय आय?"

शालिनीनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, हे तं आपल्यासारखंच बोलून राहिली."

ती भाषा हलबी होती. निम्मी मराठी, निम्मी छत्तीसगढी, आणि वर आणखी काहीतरी. त्या दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. रायपुरात आमच्या भाचीला मराठीत प्रश्न विचारला तर ती हिंदीत उत्तर देते, आणि इथं साडेतीनशे किलोमीटरवर एक बाई आमच्या घरातला 'काय' वापरत होती. पेज थंड आणि आंबूस होती. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करतात, तिच्या जवळची. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. भांडायला आलेल्या माणसानं तसं करायला नको होतं.

लखमू आला तेव्हा खांद्यावर कुऱ्हाड होती आणि अंग भिजलेलं होतं. साठीचा, सडसडीत, गुडघ्यापर्यंत चिखल. मला पाहून त्याचा चेहरा बदलला नाही. मी सुरू झालो. रायपूरपासून जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. त्याच्या रोपांमुळं माझी मान खाली गेली, लोक मला हसले, आता रायपूरला चल आणि सांग की माल चुकीचा गेला. तो कुऱ्हाडीचं पातं पुसत ऐकत राहिला. मी थांबलो तसं त्यानं एवढंच विचारलं, "सेठ, आपने नदी देखा है?"

मी म्हटलं, मी खारूनच्या काठावर जन्मलोय.

"चलो," तो म्हणाला, "हमारा देख लो."

सातधार, पाण्याखाली

बारसूरच्या पुढे इंद्रावती खडकांत शिरते आणि तिचे अनेक प्रवाह होतात. म्हणून त्या जागेला सातधार म्हणतात. मी गेलो त्या दिवशी धारा वगैरे काही नव्हत्या. वर ओडिशाकडे जोरात पाऊस झाला होता आणि या काठापासून त्या काठापर्यंत एकच मातकट पाणी गरगरत चाललं होतं. आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. एक अख्खं झाड मुळांसकट आमच्यासमोरून गेलं, दोनदा उलटं झालं आणि वळणावर नाहीसं झालं.

लखमूनं पाण्याकडे बोट केलं. "वो देखो, कठजाम. आपका वाला."

कठजाम म्हणजे त्यानं मला पाठवलेलं जांभूळ, पण मला पाण्याशिवाय काहीच दिसेना. मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मी भडकलो. हात उगारून काहीतरी बोलत एक पाऊल पुढे टाकलं, खडक शेवाळलेला होता, आणि मी बसकण मारून घसरत गुडघाभर पाण्यात गेलो. उजवी चप्पल गेली. पाण्याची ओढ पायाला जाणवली तशी मी हाताला येईल ते धरलं.

हाताला आलं ते पाण्याखालचं एक झुडूप होतं. पाण्याच्या वर त्याचा काही भाग नव्हता. वेताच्या जाडीच्या पाचसहा फांद्या प्रवाहाच्या दिशेनं खडकालगत आडव्या पडलेल्या. मी एक फांदी मुठीत आवळली, ती ताणली गेली आणि तुटली नाही. मूठ सरकत सरकत तिच्या टोकापर्यंत गेली. रोपं हाताळण्यात माझा जन्म गेला आहे. फांदीवरून अशी मूठ ओढली की पानं ओरबाडून हातात येतात. लखमूनं मला काखेत धरून वर काढल्यावर मी मूठ उघडली. तीत एकही पान नव्हतं. सगळी तळहातावरून निसटून गेली होती, आपापल्या देठाला धरून.

मी खडकावर ओणवा झालो आणि पाण्यात नीट पाहू लागलो. एकदा नजर बसल्यावर ती सगळीकडे दिसू लागली. काठालगत, जिथं पाणी जरा उथळ होतं, तिथं गर्द हिरव्या रेषा थरथरत होत्या. शेकडो. प्रत्येक पान मिटून, निमुळतं होऊन प्रवाहात लांबलेलं, न्हाताना मोकळे सोडलेले केस असावेत तसं. पाणी त्यांच्यावरून चाललं होतं, त्यांच्यातून चाललं होतं, आणि धरायला त्याला काही सापडत नव्हतं.

किती वेळ पाहत होतो, माहीत नाही. लखमू मागे उकिडवा बसला होता. मी विचारलं, हे असं किती दिवस? तो म्हणाला, कधी दोन दिवस, कधी आठ. एका वर्षी तर महिनाभर बुडून होती.

परतताना शालिनीला लखमूच्या घरून घेतलं आणि मी बारसूरच्या बाजारात एका पायानं अनवाणी उतरलो. प्लास्टिकच्या चपलांवर दुकानदारानं सांगितलेल्या भावावरून मी दहा मिनिटं हुज्जत घातली. शालिनी गाडीतूनच म्हणाली, "चला, जिवंत हायेत तुमी. मले शंका येऊन राहिली होती." मग आम्ही तिचे गणपती पाहिले. थोरल्या गणपतीसमोर ती बराच वेळ हात जोडून उभी होती. मी त्या दगडाकडे पाहत होतो, पण डोळ्यांपुढे पाण्यातल्या रेषाच होत्या.

सातधार, पाणी उतरल्यावर

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. निघायचं ठरलं होतं, पण मी शालिनीला म्हटलं, एकदा जाऊन येतो. ती म्हणाली, मीही येते. भांडण कुठवर आलं ते तिनं विचारलं नाही. वाटेत लखमूला बरोबर घेतलं.

पाणी दोन पुरुष तरी उतरलं होतं. काळे खडक उघडे पडले होते, आणि आदल्या दिवशी जिथं नुसतं पाणी होतं तिथं झाडं उभी होती. अक्षरशः उभी. कमरेएवढी, छातीएवढी जांभळाची झुडपं, खडकांच्या फटीफटीतून वर आलेली. बुंध्याला वाळलेलं गवत, काटक्या, कुठून तरी आलेली दोरी गुंडाळलेली, सगळी झुडपं एकाच बाजूला जरा कललेली. आणि पानं? पानं होती तिथंच होती. गाळाची पूड वाळून गळत होती, खालून हिरवा रंग चमकत होता. त्यांच्यात आणखी एक झुडूप होतं, तांबूस फांद्यांचं, चाकूच्या पात्यासारख्या पानांचं, पान उलटलं की रुपेरी. त्याचं नाव लखमूनं सांगितलं होतं, माझ्या लक्षात राहिलं नाही. तेही जांभळाच्या नात्यातलं असणार असं मला वाटलं. तो म्हणाला, नाही, याला फळ वेगळं, फूल वेगळं, काही संबंध नाही. पण नदीत राहायचं म्हणून यानंही तसंच पान केलंय.

मग तो म्हणाला, आता वर चला, आणि पानं बघत चला.

आम्ही पाण्यापासून टेकडीकडे चढू लागलो. पहिल्या खडकांवर बोटभर रुंदीची पानं. वीसेक पावलांवर, पूर कधीमधी पोचतो तिथं, कहुआ सुरू झाला. त्यालाच आपण अर्जुन म्हणतो. पान लांबट, तीन बोटं रुंद. त्याच्याही वर नेहमीचं जांभूळ, तळहाताएवढ्या पानांचं, माझ्या नर्सरीत असतं तेच. आणि अगदी वर, जिथं नदीचं पाणी कधीच गेलेलं नाही, तिथं साग आणि सियाडी, थाळीएवढी पानं पसरून आरामात बसलेली. मी तिथून खाली आलो, पुन्हा वर गेलो. प्रत्येक टप्प्यावर पान तोडून तळहातावर एकावर एक ठेवत गेलो. बोट, तीन बोटं, तळहात, थाळी. पूर कुठवर येतो हे सांगायला त्या उतारावर कुणी खांब रोवायची गरज नव्हती. मी तीस वर्षं पानं चिमटीत धरतोय आणि इतकी साधी गोष्ट मला कधी वाचता आली नव्हती.

माझ्या रुंद पानांच्या जांभळांचं खारूनवर काय झालं असेल, ते मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. दरेक पान म्हणजे पाण्यापुढे उघडलेला पंजा. पाण्यानं पान ओढलं, पानानं फांदी, फांदीनं बुंधा. मी मुद्दाम भरगच्च पानांची रोपं निवडली होती. जितकी देखणी, तितकी लवकर गेली असतील.

सावलीला बसलो तेव्हा लखमू म्हणाला, "आपने फोन में बोला था, नदी किनारे लगाना है, वहाँ पानी चढ़ता है. तो मैंने नदी का जाम भेजा."

मी तसं बोललो होतो. शब्दन् शब्द आठवला. एरवी अशा वेळी मी आवाज चढवतो, पण तो चढेना. शालिनी समोरच बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मी तोडलेली पानं ओळीनं लावत होती.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. "मेरा पौधा कैसा है? पकड़ लिया?"

त्याला माहीतच नव्हतं. मी फोनवर चोर म्हणालो होतो, पण रोपं उपटली हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, मी रागावलो तरी ती तिथं वाढत असणार. खोटं बोलणं सोपं होतं. साडेतीनशे किलोमीटरवरून तो पाहायला येणार नव्हता. मी शालिनीकडे पाहिलं. तिनं या वेळी मान वर केली.

"उखाड़ दिया," मी म्हणालो. "जेठ में. ढेर लगा दिया धूप में."

त्यानं नदीकडे बोट केलं. "पानी आने के पहले?"

"हव. पहले."

"तो उन लोगों ने पानी देखा ही नहीं," तो म्हणाला. रोपांबद्दल तो माणसांसारखं बोलत होता. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी कसं वागायचं ते मला येतं.

मी म्हटलं, आता दे. जेवढी असतील तेवढी दे, तू म्हणशील तो भाव. तो म्हणाला, नाहीत. जांभूळ ज्येष्ठात पिकतं आणि त्याचं बी ठेवून चालत नाही, पंधरा दिवसांत मरतं, लगेच पेरावं लागतं. माझा फोन ज्येष्ठातच गेला होता. त्यानंतर तो फळं वेचायला नदीवर गेलाच नाही. या वर्षीचं सगळं बी पाण्यात पडून गेलं.

निघताना मी त्याला लखमू भैया म्हणालो. आपोआप तोंडात आलं. पुढच्या ज्येष्ठात मी स्वतः येतो, फळं वेचायला, असंही म्हणालो. तो हो म्हणाला. मग गाडीच्या दाराशी येऊन, जरा संकोचत म्हणाला, "सेठ, उस दिन फोन में बहुत लोग हँस रहे थे. जो लोग सुने थे, उनको बोल देना."

त्याच्याकडून चूक वदवून घ्यायला मी गेलो होतो. घाट उतरताना शालिनी म्हणाली, "सांगान ना?" मी म्हटलं, सांगेन. "आवाज न चढवता," ती म्हणाली.

रायपूर

दसऱ्यानंतरच्या बैठकीला जवळजवळ तीच माणसं होती. मी उभा राहून सांगितलं की लखमूची रोपं बरोबर होती, नदीसाठी तीच हवी होती, ती मी उपटली, आणि त्याला चोर म्हणालो ते खोटं होतं. वहीत दाबून आणलेली चार पानं मी टेबलावर ओळीनं मांडली आणि सातधारेचा उतार समजावला. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, अब ये नया बहाना?" कानशिलं तापली. मी टेबलाची कड धरली आणि म्हणालो, "बहाना नहीं है. गलती है, और मेरी है."

मग मी घासाघीस केली, पण भाव सोडून. उताराचा वरचा भाग ज्याला द्यायचा त्याला द्या, खालचा मला द्या, अगदी पाण्यालगतचा. अध्यक्षांनी चष्मा काढला. "वहाँ तो कुछ टिकता ही नहीं." मी म्हटलं, म्हणूनच मागतोय. त्यांनी हमी मागितली. मी म्हटलं, हमी नाही. आणि रोपं पुढच्याच्या पुढच्या फाल्गुनात लागतील, तोवर जागा उघडी राहील. ती पट्टी कुणालाच नको होती, म्हणून मला मिळाली. वरचा उतार दुसऱ्या नर्सरीवाल्यानं घेतला आहे. त्यानं लावलेली रोपं देखणी आहेत, मी पाहून आलो.

लखमूला फोन करून सांगितलं की बोललो. त्यानं फोन उचलला, बरं म्हणाला, आणि शालिनीची चौकशी केली.

संध्याकाळी फिरायला येणारे लोक मला त्या उघड्या पट्टीवर पाहून विचारतात, काय लावणार. मी अरुंद पानाचं जांभूळ सांगतो. मनातल्या मनात मात्र मी पहिल्या पुराचाच विचार करत असतो. नदी चढेल आणि माझी रोपं दिसेनाशी होतील. लोक गच्चीवर येऊन नुसतं गढूळ पाणी पाहतील आणि म्हणतील, भाऊची झाडं पुन्हा गेली. पाणी उतरायला दोन दिवस लागतील, कदाचित आठ. ती रोपं तेवढे दिवस पाण्याखाली आडवी पडून राहतील, याबद्दल मला शंका नाही. तेवढे दिवस मी कुणाशी न भांडता राहीन का, याची शालिनीला आहे.